एकोणिसाव्या मजल्यावर अस्मिता लागत नाही: रेडिओ कोणता घ्यावा? (आणि सोसायटीसाठी वॉकीटॉकी)

ठाकूरद्वार_नाका
मंडळी, दोन प्रश्न एकाच धाग्यात विचारतोय. ॲडमिनना चालत नसेल तर वेगळे करतो.

पहिला रेडिओचा. चाळीचा टॉवर झाला आणि आम्ही आता एकोणिसाव्या मजल्यावर. बाबांचा दिवस आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर उजाडतो. जुना सेट सामान हलवताना फुटला, म्हणून ऑनलाइन नवा मागवला. एफएम ठणठणीत, पण अस्मिता आणि संवादिता दोन्हीच्या जागी नुसती खरखर. मोबाइलवर ॲप लावून दिलं तर म्हणाले, हे माझ्याच्यानं होणार नाही. त्यांना गोल फिरवायचं बटण हवंय. ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, टॉर्च, सायरन यातलं काहीही नको. बजेट तीन हजारांपर्यंत.

दुसरा सोसायटीचा. तीन विंग, दोन बेसमेंट, चार वॉचमन. कमिटीच्या ग्रुपवर कुणीतरी स्वस्तातल्या वॉकीटॉकीच्या जोडीची लिंक टाकलीय आणि सगळ्यांनी खाली अंगठे दिलेत. परवाना लागतो असंही कानावर आलंय. नक्की काय ते जाणकारांनी सांगा.

तिखटमीठ
आम्ही तळमजल्यावर आहोत. आम्हाला रेडिओच काय, शेजारच्यांची भांडणंसुद्धा स्टिरिओत लागतात. खाली या राहायला.

भडकमकर_मार्ग
नाका, एक काम करा. सेटच्या डिस्प्लेवर अस्मिताच्या आसपास गेल्यावर आकडा काय दिसतो ते बघून सांगा. ५५८ दिसतो की ५६०?

ठाकूरद्वार_नाका
५६०. त्याआधी ५५०. मधलं काही येतच नाही. हे कसं ओळखलंत?

भडकमकर_मार्ग
लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयुष्य गेलं, त्यातून एवढं तरी यायला हवं.

आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात. अमेरिकेत हेच अंतर १० चं. अस्मिता ५५८ वर, संवादिता १०४४ वर. दोन्ही आकड्यांना ९ नं भाग जातो, करून बघा. तुमचा सेट अमेरिकी पायरीवर लावलेला आलाय. तो ५५० वरून उडी मारून ५६० वर जातो आणि अस्मिता त्या दोघांच्या फटीत राहते. सेट खराब नाही.

बऱ्याच डिजिटल सेटमध्ये ही पायरी बदलता येते. कुठल्यातरी बटणावर बोट दाबून धरायचं, स्क्रीनवर १० चा ९ होतो. कुठलं बटण ते माहितीपत्रकात सापडेल. नसेलच सोय, तर मुदत संपायच्या आत परत करा.

जाता जाता अजून एक. जुन्या बाजारात चकचकीत जपानी सेट दिसतात. त्यांचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि जुन्यांचा ९० वरच संपतो. आपली एफएम स्टेशनं जवळजवळ सगळी त्याच्या वर. दिसायला देखणा, पण मुंबईत मुका. घेऊ नका.

चहाबाज
वाचनखूण साठवली. मी दोन वर्षं समजत होतो की आमच्या भागात मीडियम वेव्ह बंद झालंय!

ठाकूरद्वार_नाका
भडकमकर, तुम्हाला एक चहा लागू. बटण सापडलं, पायरी ९ झाली. आता ५५८ वर बोलणं ऐकू येतंय, पण खरखर अजून आहेच. बाबा म्हणतात "लांबून कुणीतरी बातम्या देतंय."

खरखरप्रेमी
आता पुढचा भाग माझ्याकडून.

एफएमला बाहेर ओढायची काठी लागते, पण मीडियम वेव्हला त्या काठीचा काडीचा उपयोग नाही. त्याचं एरियल सेटच्या पोटात असतं: फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. कांडी सेटच्या लांबीला समांतर असते. ती स्टेशनाला आडवी असली की आवाज भरून येतो, टोक स्टेशनाकडे गेलं की आवाज बसतो. म्हणजे काठी नाही, अख्खा सेट फिरवायचा.

आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे मनोरे मालाडला आहेत. गिरगावातून मालाड उत्तरेला. तेव्हा सेटचं एक टोक चौपाटीकडे आणि दुसरं भुलेश्वरकडे करा. बोरिवलीकरांना मालाड दक्षिणेला, त्यामुळे त्यांनाही सेट पूर्व-पश्चिमच ठेवावा लागेल. मुलुंडकरांना मात्र मालाड पश्चिमेला येतं, त्यांनी दक्षिणोत्तर ठेवावा.

दुसरं म्हणजे टॉवर. भिंतीत लोखंडी सळ्या, खिडक्यांना ॲल्युमिनियम, वर फॉल्स सीलिंग. घराच्या आत मीडियम वेव्ह फारसं शिरत नाही. जुन्या चाळीत लाकडी तुळया होत्या, कुठेही ठेवा, लागायचं. आता रेडिओची जागा खिडकीपाशी. आणि घरातल्या घरात खरखर कोण करतंय ते शोधा. सेट सेलवर लावा, घरातला मेन स्विच बंद करा. आवाज निवळला तर चोर घरातलाच. मग एकेक उपकरण चालू करत जा. बहुतेकदा एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा वायफायच्या डब्याचा ॲडॉप्टर सापडतो. आमच्याकडे देव्हाऱ्यातली विजेची पणती निघाली.

मुलुंड_चेकनाका
आत्ता उठून सेट दक्षिणोत्तर केला. फरक आहे! बायको विचारतेय, रेडिओचंही वास्तुशास्त्र सुरू केलंत का?

देव्हाऱ्यातली_पणती
निषेध. (आयडी जुना आहे, योगायोग समजावा.)

क्लाउडकाका
इतका खटाटोप कशासाठी? आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर अस्मिता स्वच्छ लागते, ना खरखर ना दिशा. एक स्पीकर घ्या, बाबांना एक बटण दाबायला शिकवा. मीडियम वेव्ह म्हणजे हौस.

कळवा_स्लो
काका, मॅचच्या दिवशी ॲपवर कॉमेंट्री लावून बघा. समोरच्या इमारतीतले लोक ओरडतात आणि तुमचा बोलर अजून रनअपवर असतो. रेडिओवर चेंडू पडला की पडला.

क्लाउडकाका
मॅच कोण रेडिओवर ऐकतं आता?

कळवा_स्लो
लोकलमधले आम्ही सगळे. पण लोकलमध्ये एफएमच ऐका बरं. पेंटोग्राफ तारेला घासून ठिणगी उडाली की मीडियम वेव्हवर कानात भजी तळल्यासारखा आवाज येतो.

अनुराधा_पार्ले
काका, ॲपला माझा विरोध नाही, मीही वापरते. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. आमच्याकडे वीज गेली, लँडलाइन गेली, मोबाइलवर रेंजच्या दांड्या दिसायच्या आणि फोन लागायचा नाही. शेजारच्या आजींकडे मोठ्या सेलवरचा रेडिओ होता. मजल्यावरचे सगळे त्यांच्या दारात बसलेले, कुठली गाडी कुठे अडकलीय ते ऐकत. घरात एक सेलवरचा सेट असावा या मताची मी तेव्हापासून आहे. रोज लावा न लावा.

आणि कृपा करून चार्जिंगचा नको, सुट्या सेलचा घ्या. चार्जिंगवाल्याची आतली बॅटरी दोनतीन वर्षांत मान टाकते आणि तसली दुसरी कुठे मिळत नाही. मोठे सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही असतात. महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवा, नाहीतर पाझरून स्प्रिंगा खातात.

भडकमकर_मार्ग
अनुराधाताईंना अनुमोदन. थोडी भर घालतो: यूएसबीवर चार्ज होत असताना यातले निम्मे सेट मीडियम वेव्हवर घूं घूं करतात. चार्ज करा, वायर काढा, मग ऐका.

हौशी लोकांसाठी टेकसन पीएल-३३० चांगला. त्यात नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी बसते, ती अजून सहज मिळते. पण तो बाबांसाठी नाही. त्याच्यावर बटणंच इतकी आहेत की त्यांना ॲप सोपं वाटेल. त्यांना साधा काट्याचा, दोन किंवा तीन बँडचा, मोठ्या स्पीकरचा सेट द्या. फिलिप्स, सोनी यांचे तसे सेट वर्षानुवर्षं चाललेत. काट्याला ९ आणि १० चा फरकच कळत नाही, त्यामुळे तुमची ती कटकटही नाही. दुकानात जाऊनच घ्या आणि तिथंच ५५८ लावून बघा. पूर्ण गजबजलेल्या दुकानात लागलं तर घरी लागणारच. "थ्री बँड" छापलेलं पाहून भुलू नका, एका सेटवर मी एफएम१, एफएम२, एफएम३ असे तीन बँड पाहिलेत.

जुनेपाने
थोडं अवांतर. आमच्या लहानपणी रेडिओलाही लायसन होतं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यायची. वडील ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आणि मुंबईत रेडिओ त्याहून कितीतरी जुना: इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, त्याआधी रेडिओ क्लबवाले हौसेनं कार्यक्रम करत होते. दुपारी वनिता मंडळ लागलं की अख्ख्या चाळीच्या गॅलरीत एकच आवाज, सात घरांतून. या टोकाहून त्या टोकाला चालत गेलं तरी एक वाक्य चुकायचं नाही.

तिखटमीठ
यालाच आता "मल्टीरूम ऑडिओ" म्हणून वीस हजारांना विकतात.

साठ्ये_सर
रेडिओचं बरंच झालं, वॉकीटॉकीवर कुणीच बोललं नाही. नाका, सरळ बाओफेंग यूव्ही-५आर घ्या. स्वस्त, दणकट, पाच वॅट, तीन विंग काय, सगळं गिरगाव कव्हर होईल. वर एफएम आणि टॉर्च फुकट.

व्हीयू_पवईकर
सर, माफ करा, पण हा सल्ला सेक्रेटरीला देऊ नका. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, जरा सविस्तर लिहितो.

तो सेट १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढच्या पट्ट्यात कुठेही बोलू शकतो. त्या पट्ट्यांत सरकारी यंत्रणा, बंदर, जहाजं, खासगी परवानाधारक सगळे बसलेत. आमच्यासारखे हॅम तो वापरतात ते परीक्षा देऊन, कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) घेऊन आणि फक्त आमच्या पट्ट्यात, म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्ये. आणि हॅमचा परवाना असला तरी सोसायटीच्या वॉचमनचं कामकाज त्यावर चालवता येत नाही, तो हौस आणि शिक्षणासाठी असतो.

तुमच्या कामाची सोय वेगळी आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा विनापरवाना वापरता येतो. अट अशी की ताकद अर्ध्या वॅटच्या आत आणि सेट हातात धरायचा. साडेबारा किलोहर्ट्झचे सोळा चॅनेल त्यात मावतात. सेट मात्र सरकारची ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, मिळालेला हवा. विक्रेत्याकडे त्याचा नंबर मागा. "सर, सब चलता है" असं उत्तर आलं की दुकानाची पायरी उतरा.

कमिटीच्या ग्रुपवरची ती लिंक उघडा आणि फ्रिक्वेन्सी लिहिलीय का बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. फ्रिक्वेन्सी, परवाना लागतो की नाही, ईटीए हे सगळं जाहिरातीत स्पष्ट लिहायला हवं. नुसतं "रेंज १० किमी" लिहिलं असेल तर सोडून द्या.

साठ्ये_सर
बरं झालं सांगितलंत. पण पाच वॅटच्या जागी अर्धा वॅट म्हणजे खेळणंच की.

व्हीयू_पवईकर
तसं नाही. या फ्रिक्वेन्सीला ताकदीपेक्षा मोकळी वाट महत्त्वाची. सह्याद्रीत दोन सोंडांवर समोरासमोर उभे राहा, अर्ध्या वॅटवर काही किलोमीटर आरामात बोलाल. आणि गिरगावात दुसऱ्या बेसमेंटमधून विसाव्या मजल्यावर पाच वॅटनंही शाश्वती नाही, मधे स्लॅबच स्लॅब. गेट ते गेट, गेट ते पार्किंग, विंग ते विंग एवढ्याला अर्धा वॅट पुरतो. बेसमेंटसाठी रॅम्पच्या तोंडाशी एक माणूस, तो निरोप पुढे देणार. लिफ्टच्या पोलादी डब्यात काहीच चालणार नाही, तिथं लिफ्टचा स्वतःचा इंटरकॉमच दुरुस्त ठेवा.

मिनी_कांदिवली
माझा भाचा अमेरिकेतून सुंदर पिवळी जोडी घेऊन आलाय, तिकडे दुकानात खुल्यानं मिळते म्हणे. ती चालेल ना इथं?

व्हीयू_पवईकर
चालते, पण चालवायची नाही. तिकडची खुली फ्रिक्वेन्सी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झमध्ये आहे. इथं तो पट्टा खुला नाही. भाच्याला परत जाताना सोबत द्या.

मिनी_कांदिवली
भाचा नाराज, पण नोंद घेतली.

वेसावकर
आमच्या बोटींवर मरीन व्हीएचएफ असतो म्हणून थोडं लिहितो. समुद्रात वाट मोकळी, त्यामुळे तो लांब ऐकू जातो. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाचा. तटरक्षक दल, बंदर, जहाजं सगळ्यांचे कान त्यावर असतात. म्हणून तिथं गप्पा मारायच्या नाहीत, हाक द्यायची आणि दुसऱ्या चॅनेलवर जायचं. हल्ली हौशी मंडळी रविवारी होडी घेऊन येतात आणि गळ्यात ते सोसायटीवाले सेट अडकवून फिरतात. त्यावर तुमची हाक ऐकणारं समुद्रात कुणी नाही. आणि सेट घेताना पाण्यात तरंगतो का ते विचारा. वॉटरप्रूफ सेटही बुडला की तळाला वॉटरप्रूफच राहतो.

चहाबाज
शेवटच्या वाक्याला +१.

बिल्डिंग_नं_४
आमच्या सोसायटीत ४४६ वाले सेट वर्षभर चालू आहेत, तेव्हा वापरातल्या गोष्टी सांगतो.

बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही. दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आमच्या सुपरवायझरनं मेन गेटला सांगितलं, "मत छोड़ना उसको." गेटवर पोचलं फक्त "छोड़ना उसको." ज्याला अडवायचं होतं तो कुरिअरवाला सलाम घेऊन बाहेर. मराठीत उलटी गंमत: बोलून संपायच्या आत बटण सोडलं की "गेट उघडू नको" मधला "नको" जातो. आता नियम केलाय, निरोप मिळणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा.

दुसरं, सेटवर "प्रायव्हसी कोड" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. त्या कोडमुळे तुम्हाला बाकीच्यांचं ऐकू येत नाही, बाकीच्यांना तुमचं येतंच. आमच्या वॉचमनना समोरच्या टॉवरवाल्यांची वडापावची ऑर्डर रोज साडेचारला ऐकू यायची. म्हणजे आपलंही तिकडे जातंय हे कळल्यावर "अमुक फ्लॅटवाले गावाला गेलेत" असलं सेटवर बोलणं बंद केलं. फ्लॅट नंबरसाठी फोनच.

तिसरं, चार वॉचमनना सहा सेट घ्या. एक कायम चार्जिंगला आणि एक कायम कुणाच्यातरी डब्याच्या पिशवीत असतो.

लालबागचा_पोऱ्या
गणपतीत आमचं मंडळ भाड्यानं परवान्यावरचे सेट आणतं. मोठ्या गर्दीत अर्धा वॅट अपुरा पडतो, शिवाय शेजारची मंडळंही त्याच सोळा चॅनेलवर. भाड्यानं घेताना परवान्याच्या कागदाची प्रत फाइलला लावून घ्यायची, पोलिसांनी विचारलं तर दाखवता येते. आणि ढोलताशासमोर सेटचा स्पीकर ऐकू येणं विसरा, कानात घालायची वायर हवीच.

क्लाउडकाका
सिमकार्डवर चालणारे वॉकीटॉकी येतात की! बटण दाबून बोलायचं, मोबाइलच्या नेटवर्कवर, इथून नागपूरपर्यंत रेंज. कसली फ्रिक्वेन्सी आणि कसला स्लॅब.

बिल्डिंग_नं_४
काका, चांगले असतात, मोठ्या सिक्युरिटी कंपन्या वापरतात. पण दर सेटमागे रिचार्ज आला. आणि आमच्या बेसमेंटमध्ये नेटवर्कच नाही.

अनुराधा_पार्ले
आणि २६ जुलैला...

क्लाउडकाका
हो हो, समजलं. हरलो.

ठाकूरद्वार_नाका
सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतचं सांगतो. तो डिजिटल सेट मी ठेवून घेतला, माझ्या टेबलावर. बाबांना दुकानातून काट्याचा सेट आणला, मोठ्या सेलचा. दुकानदार आधी ब्लूटूथचाच दाखवत होता, ५५८ लावून दाखव म्हटल्यावर पोटमाळ्यावरून हा काढला. खिडकीत चौपाटी-भुलेश्वर असा ठेवलाय. अस्मिता स्वच्छ, संवादिता जरा दबकी. विविध भारती १०२.८ वर, एफएम गोल्ड १००.७ वर, तेही लागतं. एफएम रेनबो १०७.१ वर असल्यानं काटा अगदी कडेला जातो, पण पोचतो. खरखर करणारा चोर म्हणजे आमच्या किचनमधली एलईडी पट्टी. ती बंद करायला आईचा नकार आहे, त्यामुळे स्वयंपाकाच्या वेळेत वाद चालू राहील.

वॉकीटॉकीचं कमिटीत मांडलं. लिंकवाल्या जोडीवर फ्रिक्वेन्सी लिहिलेलीच नव्हती, ती रद्द. ४४६ वाल्यांची दोन कोटेशनं मागवलीत, ईटीए नंबरासह. खजिनदारांचं म्हणणं, सहा कशाला, चारच घेऊ.

बिल्डिंग_नं_४
खजिनदारांना डब्याच्या पिशवीचं सांगा.

पावसाळी_बेडूक
उशिरा आलो. आमचा ट्रेकिंगचा ग्रुप तीस जणांचा, पुढचा आणि शेवटचा लीडर यांच्यात बोलायला हेच ४४६ वाले पुरतील का? पावसात, धुक्यात?

व्हीयू_पवईकर
धुक्यानं काही बिघडत नाही, मधे डोंगराची सोंड आली की बिघडतं. सेटवर आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय का बघा. बाकी हा विषय मोठा आहे, नवीन धागा काढा, तिकडे लिहितो. आणि हौस असेल तर रिस्ट्रिक्टेड ग्रेडची हॅम परीक्षा द्या, तिला मोर्स लागत नाही.

पावसाळी_बेडूक
काढला. लिंक माझ्या प्रोफाइलात आहे. तिखटमीठ, तिकडे येऊन पहिला प्रतिसाद तुम्ही टाकू नका.

तिखटमीठ
टाकला.